गरम कपाटातल्या माद्या

प्रिय छोटे,

त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, तुझ्या लेकीला, आपल्या उंटिणीला सोळावं सरत आलं तरी पाळी नाही, वर्गातल्या मुली चिडवतात, घरी रडारड चालते. वर म्हणालीस, तूच फोन करून तिला सांग, की मावशीलाही उशिराच आली होती. मी पटकन हो म्हटलं. चार दिवस झाले, फोन उचलते आणि ठेवते. तोंडावर बोलायला मी पहिल्यापासून भित्री, म्हणून लिहितेय. पण आधी थोडं सरड्यांचं ऐकावं लागेल. तुला त्यांची शिसारी आहे, ठाऊक आहे. तरी वाच, मध्येच सोडू नकोस.

आमच्या प्रयोगशाळेत अंडी ठेवायची दोन कपाटं आहेत, एक कोमट, एक गरम. अंडं हाती आलं की वरच्या बाजूला पेन्सिलीने ठिपका करायचा, कारण सरड्याचं अंडं उलटं झालं की आतला जीव दगावतो. मग निम्मी इकडे, निम्मी तिकडे. या जातीत नराकडे दोन सारखी गुणसूत्रं असतात, मादीकडे एक मोठं आणि एक खुरटं. कोमट कपाटात सगळं नियमाने चालतं. गरम कपाटात मात्र अंड्यात जोडी असते नराची, आणि बाहेर येते मादी. चांगली धडधाकट मादी, अंडीसुद्धा घालते, इतरांपेक्षा जास्तच. तिच्या पिलांकडे ते खुरटं गुणसूत्र येणार कुठून? एका पिढीत ते त्या घराण्यातून गेलं ते गेलंच. पुढे नर की मादी, हे फक्त उष्णता ठरवते. आमच्या प्रमुख बाई म्हणतात, रानातही हजारो वर्षांत असे नियम गुपचूप बदलले असतील. वरून बघून काही म्हणता काही कळत नाही.

एक गोष्ट मी बाईंना सांगितलेली नाही. मी सरड्यांच्या खोलीत गेले की बाकीचे सरडे आपापल्या काचपेटीत ओंडक्यामागे लपतात. गरम कपाटातल्या माद्या लपत नाहीत. त्या काचेपाशी येतात आणि मान तिरकी करून बघत राहतात. खाणं देणारी मीच, म्हणून असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग एकदा त्यांचं पोट भरलेलं असताना गेले. सगळ्या आल्या. मी खिडकीशी सरकले, तर त्यांचीही तोंडं खिडकीकडे. अंगावर सर्रकन काटा आला गं.

आमच्याकडे एक रीत आहे. गुणसूत्रं रंगवायच्या औषधाची नवी बाटली आली की पहिली चाचणी स्वतःच्या रक्तावर घ्यायची. गेल्या महिन्यात मी आळसाने माझ्या काचपट्टीवर नाव न घालता सरड्यांचाच पुढचा आकडा टाकला, आणि ती बाईंच्या ढिगात गेली. दुपारी त्यांनी बोलावलं. म्हणाल्या, रंग छान चढलाय, पण माणसाचं रक्त आहे, तेही पुरुषाचं, तर वहीत तसं लिहीत जा. मी हसून हो म्हटलं. त्या दिवशी मजल्यावर आम्हां दोघींशिवाय कुणीही नव्हतं.

मी पुन्हा रक्त काढलं. तेच आलं. तिसऱ्यांदा दुसऱ्या हातातून काढलं, जशी काही हात बदलून मी बदलणार होते! दरवेळी कोपऱ्यात तेच, माणसांत फक्त पुरुषाकडे असतं ते छोटं गुणसूत्र. मान वर केली तर समोर त्या माद्या काचेला चिकटून. मी चक्क पडदा ओढला.

मग डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, तुम्ही बाईच आहात, यात शंका नको. अंगाला पुरुषी संप्रेरकांचा हुकूम ऐकूच येत नाही, म्हणून ते बाईचं घडलं, फक्त गर्भाशय नाही. आत दोन गाठी आहेत, पुरुषाच्या वृषणांसारख्या, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं, नाहीतर पुढे कधी बिघडतात. दोन वर्षांची असताना माझं दोन्ही बाजूंचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, ते त्यांच्याचमुळे. हे आईकडून येतं, आणि जिच्यातून पुढे जातं तिला पत्ताही नसतो. छोटे, उंटिणीचं तसलंच ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात मी तुझ्याशेजारी बसले होते. उंची, नितळ कातडी, सगळं मावशीवर गेलंय म्हणून आपण किती कौतुक करतो!

तू म्हणशील, मग सतराव्या वर्षी तुला आली होती ती? तू तेव्हा दहाची होतीस. आई रोज माझ्या तोंडाकडे बघायची, मला ते बघवेना. एका सकाळी मी ब्लेडने बोट कापलं आणि चादरीवर टेकवलं. आई आनंदाने रडली. पुढे कित्येक वर्षं मी दर महिन्याला पॅडचं पाकीट आणलं आणि तसंच कोरं फेकून दिलं. मला पाळी कधी आलीच नाही गं. माझ्या त्या खोट्यावर विसंबून तू तिला एक वर्ष थांबवून ठेवलंस, याची मला लाज वाटते. आता एक दिवसही थांबू नकोस. तिला डॉक्टरांकडे ने, मी सोबत येते. आणि जे कळेल ते तिला त्याच दिवशी सांगायचं, सगळं. ती विचारेल की माझ्यासारखं आणखी कुणी आहे का, तेव्हा मला आत बोलाव.

तुझीच,
ताई