नानांचा आवाज, घरून लाइव्ह

९ डिसेंबर २०२४

नानांना, माझ्या वडिलांना, लकवा मारून अकरा दिवस झाले. उजवी बाजू. बोलणं गेलं आहे, तात्पुरतं. स्पीच थेरपिस्ट शिल्पा मॅडम ‘तात्पुरतं’ म्हणाल्या नाहीत. मी लिहिते आहे. एकच शब्द उरला आहे: शे, म्हणजे अहिराणीतलं ‘आहे’. पाणी हवं तरी शे, नको तरी शे.

सकाळी सात ते साडेसात हा त्यांचा अहिराणी गप्पांचा कार्यक्रम. आमच्या रेडिओ केंद्रावर सहा वर्षं लाइव्ह. टेक्निशियन मी. अकरा दिवस त्या वेळेत भक्तिगीतं वाजली. केंद्रप्रमुख रविंद्र सर म्हणाले, सारिका, ती वेळ आता दुसऱ्या निवेदिकेला, ऋतिकाला देऊ. मी सांगितलं, नाना बरे आहेत, फक्त पायऱ्या चढवत नाहीत. पिंप्राळ्याहून, घरून लाइव्ह करतील.

माझ्याकडे जुने चौदाशे बारा भाग सेव्ह आहेत. नानांची जागा तीन आठवडे राखायची आहे. अवघड काही नाही.

१० डिसेंबर

नियम ठरवले. तारीख, हवामान, सणवार, कापसाचा भाव: सगळं कापायचं. श्रोत्यांचे फोनही जुन्या भागातलेच ठेवायचे. आपण कधी काय बोललो हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

हे खोटं नाही. आवाज नानांचाच आहे.

१२ डिसेंबर, सकाळी ७.३५

पहिला भाग गेला. “राम राम मंडळी, बठ्ठा मजामां शेतस ना?” सगळे मजेत आहेत ना, हे त्यांचं रोजचं पहिलं वाक्य. स्वच्छ. मूळ भाग मे महिन्यातला, मागे स्टुडिओतला कूलर घरघरत होता. फिल्टर लावून काढला. कोणाला कळणार नाही.

१३ डिसेंबर

दोंडाईच्याच्या कुंदाबाईंचा ऑफिसात फोन. नाना त्यांना रोज ऑन एअर विचारायचे, “काय भाजी करी वं माय आज?” त्या म्हणाल्या, सारिका, मी त आते फोन लाई राहिनू, मंग रेडिओवर मीच कशी बोलनू? आणि म्हणे गिलक्यानी भाजी करी! मी सांगितलं, नेटवर्कमुळे होतं असं. त्या म्हणाल्या, बरं बेटा.

पटलं त्यांना.

२० डिसेंबर

शिल्पा मॅडम म्हणाल्या, रोज पंधरा मिनिटं समोर बसा, एक प्रश्न विचारा आणि थांबा. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.

वेळ नाही. एका भागाला चार तास एडिटिंग लागतं. त्याऐवजी आईला सांगितलं, सात वाजता नानांच्या उशाशी रेडिओ लाव. स्वतःचा आवाज ऐकणं हा जास्त चांगला व्यायाम असणार.

२४ डिसेंबर

आई म्हणाली, रेडिओ लागला की ते भिंतीकडे तोंड करतात. आज डाव्या हाताने ढकलून खाली पाडला.

डाव्या हातात जोर आला आहे. चांगलं लक्षण. रेडिओ वरच्या फळीवर ठेवला.

३ जानेवारी २०२५

तीन आठवडे पूर्ण. आणखी तीन धरते. कुंदाबाईंचा रोज फोन येतो. आजचा भाग छान झाला म्हणतात. मग विचारतात, तू जेवनी का? विषयाला धरून बोलत नाहीत.

६ जानेवारी

चूक झाली. आजच्या भागात मुक्ताईनगरच्या नर्मदाबाईंचा जुना फोन होता. त्या ऑगस्टमध्ये वारल्या. साडेसातला त्यांचा मुलगा नवल याचा फोन आला. मी खुलासा तयार ठेवला होता. तो म्हणाला, काही नाही ताई, चहा घेत होतो आणि आई बोलली. पुन्हा लावणार असाल तर आधी कळवा, बहिणीला बोलावून घेतो.

तक्रार नाही, अशी नोंद केली.

संकल्प: वारलेल्या श्रोत्यांची यादी करायची. विचारायला हवं होतं ते नानांनाच. ही यादी त्यांना तोंडपाठ होती.

१९ जानेवारी

रविंद्र सरांनी श्रोता मेळावा ठरवला आहे. २ फेब्रुवारी, दोंडाईचा. नाना येणार असं त्यांनी सगळ्यांना सांगूनही टाकलं. आता मला खरं सांगावं लागलं. सर म्हणाले, मग रद्द करू. मी म्हटलं, गरज नाही.

योजना: नाना माइकसमोर बसतील. मी पडद्यामागे लॅपटॉपवर. त्यांची अठ्ठेचाळीस वाक्यं, प्रत्येक वाक्याला एक बटण. प्रश्न आला की उत्तर दाबायचं. नानांनी फक्त ओठ हलवायचे.

२६ जानेवारी

घरी तालीम. मी बटण दाबलं, नाना माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलवले नाहीत. प्रेक्षक नव्हते म्हणून असेल.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

शाळेच्या मैदानात मांडव. तीनशे माणसं. नाना व्हीलचेअरवर, पांढरी टोपी आईने नीट बसवलेली.

११.०५. बटण १. “राम राम मंडळी, बठ्ठा मजामां शेतस ना?” आवाज उत्तम. नानांचे ओठ मिटलेले.

मोतीबिंदूचा काळा चष्मा लावलेली एक बुटकी बाई स्टेजवर चढली. कुंदाबाई. प्रथमच पाहिल्या. म्हणाल्या, भाऊ, मेथी करेल शे आज. बटण १४. “तेल कमी टाक वं माय.” या वाक्यावर नेहमी हशा येतो. आज कोणी हसलं नाही.

नाना लोकांकडे बघत नव्हते. मान वळवून पडद्याकडे, माझ्याकडे बघत होते.

कुंदाबाई पडद्यामागे आल्या. म्हणाल्या, सारिका, बंद कर ते. मी म्हटलं, त्यांना बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, माहित शे. पहिल्याच दिवशी समजनं व्हतं. हिवायामां कोनी कूलर लावस का?

मग रोज फोन का करत होतात, विचारलं.

तू एकली बठेल व्हती ना तठे, म्हणाल्या. आणि लॅपटॉपची वायर त्यांनीच उपटली.

नानांनी डाव्या हाताने माइक ओढून घेतला. एक्केचाळीस सेकंद काहीच नाही. प्रसारणात याला बिघाड म्हणतात. कोणी उठलं नाही.

मग नाना म्हणाले, “शे.”

कुंदाबाई म्हणाल्या, “शे, भाऊ. बठ्ठा शेतस.”

३ फेब्रुवारी

रविंद्र सरांनी कालचं रेकॉर्डिंग मागितलं. नाही. मिक्सरवर रेकॉर्डचं बटण मी दाबलंच नव्हतं. जे वाजणार होतं ते सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं होतं.

उद्यापासून सात वाजता ऋतिका बसेल. मीच सुचवलं.

सकाळी नानांसमोर पंधरा मिनिटं बसले. रेकॉर्डर लावून. आज काय भाजी करायची, असं विचारलं आणि थांबले. चौथ्या मिनिटाला त्यांनी डावा हात पुढे करून रेकॉर्डर बंद केला. उरलेली अकरा मिनिटं ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

९ डिसेंबरच्या नोंदीतला ‘तात्पुरतं’ हा शब्द खोडला.