मराठी पत्रक

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली. तुम्ही असेपर्यंत ठाण्याच्या ग्राहक मंचातल्या त्या दिवसाबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. म्हणून आज लिहितेय.

भाईंदर पूर्वेच्या कारखान्यात ढेकणांचं औषध बाटल्यांत भरायचे आणि तुम्ही तिथे पॅकिंगचे सुपरवायझर होतात. घरी ते औषध मारायचं असलं की आम्हाला बाहेर पाठवायचात, खिडक्या सताड उघडायचात, नाकाला रुमाल बांधायचात. "विष आहे ते. सूचना सगळ्या इंग्रजीत, त्याही मुंगीएवढ्या अक्षरांत. मराठी पत्रक घाला म्हणून साहेबांना सांगून थकलो," असं म्हणायचात. मी दहावीत होते. मला तुमचा केवढा अभिमान वाटायचा.

मग शेजारच्या काकूंनी दुकानातून तीच बाटली आणली. वास बाहेर जाऊ नये, औषध नीट लागावं म्हणून दार-खिडकी लावून घेतली आणि गाद्यांवर शिंपडत बसल्या. दार तोडलं तेव्हा तोंडाला फेस होता. हॉस्पिटलात पोचायच्या आधीच गेल्या. काकांनी कंपनीवर केस केली. तुम्ही साक्षीला उभे राहिलात तेव्हा काका माझ्या कानात म्हणाले, "तुझे बाबा आहेत, आता काळजी नाही."

कंपनीचे वकील विचारतायत, "प्रत्येक बाटलीबरोबर मराठी पत्रक जायचं?"

"हो साहेब, जायचं."

तुमचा आवाज जराही हलला नाही. सूचना दिलेली होती, वापरणाऱ्यानं ती पाळली नाही, तेव्हा कंपनी जबाबदार नाही, असा पुढे निकाल लागला. साक्ष संपल्यावर बाहेर काका एवढंच म्हणाले, "दादा, माझ्या घरी बसून तुम्हीच सांगितलं होतंत, पत्रक नसतं म्हणून." तुम्ही रस्त्याकडे बघत राहिलात.

त्या रात्री आई जेवायला वाढत होती. मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"कारखाना बंद पडला तर खायचं काय?"

"आणि काकू?"

"त्या आता परत येणार आहेत का?" म्हणालात आणि भात कालवायला लागलात.

काका खोली विकून मुलांना घेऊन रत्नागिरीला गेले. मी तुमच्याशी बोलत राहिले, शेवटच्या आजारपणात पायही चेपले. पण तुम्ही काहीही सांगितलंत की खरं असेल का, असं मनात यायचंच.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे. तुमची आठवण मात्र अजून येते, बाबा, आणि ती यावी असं मला वाटत नाही.