कट्यारीवरचं हरीण

अड्याळ, खंडेनवमी, संध्याकाळ

पूजेआधी आज सासऱ्यांच्या आजोबांची कट्यार मी चिंचेनं घासली. दरवर्षी ती नुसती पुसून हातमागाच्या धोट्याशेजारी मांडतात आणि हळदकुंकवाचा आणखी एक थर चढतो. पितळी मुठीवर वाघ आहे, त्याच्या तोंडात हरीण आहे, हे या घरात पोराबाळांनाही ठाऊक.

थर निघाला आणि माझा हातच थांबला. हरणाचे कान असे गोल? आणि अंगावर पट्टे? अगं, हे तर पिल्लू! वाघीण त्याला मानेला धरून नेतेय. पाय किती सैल सोडलेत त्यानं, जराही भीती नाही.

"मामाजी, हे हरीण नाही जी."

सासरे चिडले. "आमच्या बापजाद्यायले समजलं नाई, अन् तुले समजलं?" मग चष्मा लावून कितीतरी वेळ बघत बसले.

मारायच्या हत्यारावर हे कोरायचं कुणाला सुचलं असेल? ते सैल पाय, तेही एवढ्याशा पितळेत! अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

पूजेत सासऱ्यांनी वाघिणीला कुंकू लावलं. पिल्लापाशी मात्र बोट थांबलं.

"याले नाई लावत," म्हणाले. "याचं पुन्हा हरीण होऊन जाइन."