तिनं पाडला नव्हता

खडकी,
६ मे २०२५

ती. आक्कास,
बाबूचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुला ऐकू कमी यायला लागल्यापासून आपलं बोलणं कागदावर आलं, ते एका परीनं बरंच झालं. आज जे लिहितोय ते माझ्या तोंडातून निघालंच नसतं. पाकीट नीट चिकटवलंय. संजयकडून वाचून घेऊ नकोस. तुझ्या लेकाला कळलं की निम्म्या लोणी गावाला कळतं.

सुट्टी असल्यामुळे तनया दर आठवड्याला सोमवारपासून माझ्याकडे असते. निकिता आणि विक्रमराव ऑफिसला जातात, शनिवारी निकिता येऊन तिला कोथरूडला घेऊन जाते. पोरगी नऊ वर्षांची झाली. ऐकू छान येतं, समजतं सगळं, पण वाचा नाही ती नाहीच. तू तिला पाहिलंस तेव्हा तिच्याकडे टॅब नव्हता. आता आहे. त्यावर चित्रं असतात. तिनं पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं की टॅब बाईच्या आवाजात म्हणतो, पाणी. दोन चित्रं दाबली की, पाणी नको. निकितानं दोन वर्षं खपून सहाशेच्या वर चित्रं भरली आहेत. वरच्या ओळीत माझा फोटो आहे. तो दाबला की, आजोबा.

गेल्या शुक्रवारी टॅब चार्ज होईना. दुसरी वायर लावून पाहिली, शेजारच्यांचा चार्जर आणला, प्लग बदलला. वायर तिरकी धरली की जरा वेळ चालू, सोडली की बंद. निकिताला फोन केला. ती म्हणाली, पप्पा, तुम्ही हात लावू नका, मी उद्या दुकानात दाखवते. मला ते झोंबलं. चौतीस वर्षं फॅक्टरीत फिटर होतो. केसाएवढ्या फटीत काम केलेला माणूस मी, आणि मला म्हणते हात लावू नका! चष्मा पुसला, सुई घेतली आणि चार्जिंगच्या खोबणीतला कचरा काढायला बसलो. कचरा निघाला, त्याच्याबरोबर आतली बारीक पट्टीही उचकटली. मग वायर कशीही धरली तरी काही नाही. तनया समोरच बसली होती. सगळं बघत होती.

शनिवारी निकिता आली. काय झालं विचारलं, तर मी म्हणालो, हिच्या हातून पडला असेल. आक्का, मी धड खोटंही बोललो नाही, ‘असेल’च्या आड लपलो. निकितानं पोरीला स्वतःचे कान धरून उभं राहायला लावलं. पोरीनं एक कान सोडला आणि काळ्या पडलेल्या काचेवर वरच्या ओळीत बोट आपटायला लागली. माझा फोटो असतो तिथंच. निकिताला वाटलं, आणखी नासधूस करते आहे. तिनं हात धरून पुन्हा कानावर नेला. मी भिंतीकडे बघत होतो.

टॅब मीच दुरुस्त करून आणतो असं सांगून ठेवून घेतला. काल कंपनीच्या सेंटरवर गेलो. ते म्हणाले, आतला बोर्ड बदलू, पंधरा दिवस लागतील, आणि आतलं सगळं पुसलं जाईल. म्हणजे सहाशे चित्रं गेली. मग बाजारात केदार नावाचा एक जण मोबाईल दुरुस्त करतो, त्याच्याकडे गेलो. त्यानं भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, काका, हा पडलेला नाही, कुणीतरी टोकदार वस्तू घातली आहे, घरात लहान मूल आहे का? मी हो म्हणालो. तो म्हणाला, मुलं असंच करतात. आणि मी हसलो. चार्जिंगचा जॅक बदलून देतो म्हणाला, चित्रांना धक्का लागणार नाही, पण पार्ट यायला पाच-सहा दिवस लागतील.

एकदा दुरुस्त झाला की सगळं विसरलं जाईल, असं मनाला सांगतोय. तुला काय वाटतं ते लिही.

तुझा,
बाबू


लोणी काळभोर,
९ मे २०२५

चि. बाबूस,
आक्काचा जय भीम आणि आशीर्वाद.

तुजं पत्र मिळालं. संजयनं इचारलं काय लिवलंय, मी म्हनलं गुडघा दुखतोय. तुज्यापायी मी बी खोटं बोलले.

तुला काय वाटतं लिही म्हंतोस. मंग वाच. पोरीला वाचा न्हाई म्हनून तू तिच्यावर ढकललंस. बोलती असती तर ढकललं असतंस का? चूक कुनाची बी होती. सुई माज्या हातून बी सटकली असती. पर भिताडाकडं बघत उभा ऱ्हायलास, ती चूक न्हाई बाबू, ती लबाडी हाय.

दुरुस्त झालं की इसरंल म्हंतोस. कोन इसरंल? तू. ती न्हाई इसरनार.

टॅब यायच्या आत निकिताला सांग. तो बोलाय लागल्यावर सांगितलंस तर ते सांगनं न्हाई, सापडनं हाय. हे पत्र हातात पडलं की चप्पल घाल.

शेवग्याला लई शेंगा आल्यात. संजयच्या हाती धाडते. गुडघ्याला तेल लाव. माजी माया हाय म्हनूनच ह्यो मार हाय, हे ध्यानात ठेव.

तुजी,
आक्का


खडकी,
१३ मे २०२५

चि. सौ. निकितास,
पप्पांचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

कोथरूड काही लांब नाही, फोनही हाताशी आहे. तीनदा तुझा नंबर लावला आणि तीनदा गुडघ्याचं आणि उन्हाचं बोलून ठेवून दिला. म्हणून लिहितोय.

टॅब तनयानं पाडला नव्हता. तू नको म्हटल्यावरही मी तो सुईनं उकरला आणि मोडला. ती समोर बसून बघत होती. तू विचारलंस तेव्हा मी तिचं नाव घेतलं. तिला तू कान धरायला लावलेस तेव्हाही गप्प राहिलो. आक्कानं पत्रातून मला चांगलं झोडपलं, सांग म्हणून. पण ते पत्र काल सोमवारी पोचलं आणि टॅब रविवारीच आला होता. पत्र आधी आलं असतं तर मी सांगितलं असतं, असं लिहावंसं वाटतं. खात्री नाही म्हणून लिहीत नाही.

रविवारी मी टॅब घेऊन तुझ्याकडे आलो, तनयाच्या हातात दिला. तिनं काय दाबलं ते आठव. मी. नाही. मी. नाही. मग आजोबा. तू हसलीस आणि म्हणालीस, बघा पप्पा, बोलायला लागल्या लागल्या तुमचंच नाव. मी चहा प्यायलो. निकिता, ती मला हाक मारत नव्हती. आठ दिवस अडकलेलं वाक्य ती पुरं करत होती. ते झाल्यावर मग तिनं दाबलं, कान दुखतो. तू तिला डॉक्टरांकडे घेऊन धावलीस. कानात पू झाला होता, आणि पोरीनं आधी आपण निर्दोष आहोत हे सांगितलं, दुखणं नंतर.

काल बुद्धपौर्णिमा. विहारात दरवर्षीप्रमाणे पंचशील मीच पुढे म्हणायचं होतं. मुसावादा वेरमणी, इथवर आलो आणि पुढचं आठवेना. चौथं शील, खोटं बोलणार नाही ते. मागच्या बायकांनी पुरं केलं. बाबुरावांना ऊन लागलं म्हणाल्या. घरी आलो तर दारात आक्काचं पत्र पडलं होतं.

क्षमा माग म्हणालीस तर मागेन. कशी मागायची तेवढं कळत नाही.

तुझा,
पप्पा


कोथरूड,
१६ मे २०२५

ती. पप्पांस,
निकिताचा जय भीम. वि. वि.

तुम्ही फोन केला नाहीत ते बरं झालं. मी जे बोलले असते ते परत घेता आलं नसतं. हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे, पहिली दोन विक्रमनं वाचून फाडली.

तनयाचा कान आता बरा आहे. औषधाचे थेंब आणखी चार दिवस घालायचे आहेत.

तुम्हाला माहीत नाही ते सांगते. गेल्या शनिवारी, टॅब येण्याच्या आदल्या दिवशी, ती स्वतःच्या कानावर हात मारत होती. मला वाटलं, टॅबसाठी हट्ट चाललाय. मी तिला म्हणाले, तूच पाडलास ना, आता भोग. पप्पा, हे शब्द माझे आहेत. ते मी तुमच्यावर ढकलणार नाही. पण ते माझ्या तोंडात आले ते तुमच्या ‘असेल’मुळे.

लहानपणी मी तुमचं घड्याळ फोडलं होतं आणि शेजारच्या आमोदचं नाव सांगितलं होतं. तुम्ही मला हाताला धरून त्याच्या घरी नेलंत आणि त्याच्या आईसमोर खरं बोलायला लावलंत. तेव्हा मला तुमचा राग आला होता. आज तुम्हाला हाताला धरून न्यायला तुमचे वडील नाहीत, म्हणून मी लिहिते. रविवारी या. क्षमा माझी मागू नका. तिला सगळं कळतं. जे मला लिहिलंत ते तिला सांगा, आम्हा दोघांसमोर.

जेवायलाच या. राग आहे, पण उपाशी परत पाठवण्याइतका नाही.

तुमची,
निकिता


खडकी,
२० मे २०२५

ती. आक्कास,
बाबूचा सप्रेम जय भीम. वि. वि.

शेंगा मिळाल्या. तुझं पत्र एक दिवस उशिरा मिळालं, आणि मी त्याहून उशिरा वागलो.

रविवारी कोथरूडला गेलो. खुर्चीत बसून सांगवेना, म्हणून गुडघ्याला न विचारता खाली फरशीवर बसलो. तनया समोर, निकिता आणि विक्रमराव बाजूला. म्हणालो, तुझा टॅब मी मोडला, सुईनं. तू पाडला नाहीस. मी आईला खोटं सांगितलं. माझं चुकलं. एवढंच. वाटेत बसमध्ये बरंच काही जुळवलं होतं, पण तिच्या डोळ्यांपुढे ते सगळं फुकट वाटलं.

तिनं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं नाही, आईच्या तोंडाकडे पाहत होती, आईला ऐकू गेलं का ते. मग टॅब ओढला आणि एक चित्र दाबलं. पुन्हा. हे ती झोक्यावर दाबते, गोष्ट संपली की दाबते. मी पुन्हा सांगितलं. परत दाबलं, पुन्हा. मी परत सांगितलं, तू पाडला नाहीस, मी खोटं बोललो. पाच वेळा, आक्का. तिसऱ्या वेळेला विक्रमराव उठून पाणी आणायला गेले. पोरगी हलली नाही. पाचव्या वेळेनंतर तिनं टॅब मांडीवर पालथा ठेवला.

मग निकितानंही तिची माफी मागितली. तिच्या गळ्यात तनयानं लगेच हात टाकले. माझ्या नाही.

जेवणं झाली. निकितानं तिला विचारलं, उद्या सोमवार, आजोबांकडे जायचं ना? तनयानं दाबलं, नाही. निकिता समजावू लागली, आजोबा एकटे आहेत, आजोबांना वाईट वाटेल, त्यांनी सॉरी म्हटलं ना. मी तिला थांबवलं. म्हणालो, ती नाही म्हणाली आहे, आपण ते ऐकलं आहे, तेवढं पुरे. सुट्टी संपेपर्यंत विक्रमराव घरून काम करणार आहेत.

निघताना जिन्यापर्यंत निकिता आली. तनया आली नाही. दार बंद होताना आतून टॅबचा आवाज आला, ती आईकडे आंबा मागत होती. मी जिना उतरलो. मग बस पकडली.

तुझी माया मागायला आज तोंड नाही. राग ओसरला की जी उरेल, तेवढी राहू दे.

तुझा,
बाबू