कलम सात

५ डिसेंबर
मानसच्या बायकोचा, देवयानीचा फोन. 'भाऊजी, या वर्षी तुमचा तो खेळ नको.'
मानसला आज सत्त्याण्णव दिवस झाले. ऑगस्टात रक्ताची उलटी, मग दवाखाना. डॉक्टर म्हणाले, यापुढचा पेला शेवटचा समजा. तेव्हापासून थेंब नाही. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रोज आकडा लिहितो.
खेळ म्हणजे काय, तर दर चोवीस डिसेंबरला तोच जुना कृष्णधवल सिनेमा लावायचा. चिडका पोस्टमास्तर, ढीगभर बर्फ, शेवटी सगळे शहाणे. पोस्टमास्तरने टोपी आपटली, रमचा एक घोट. कुणी रडलं, दोन. सव्वीस वर्षांपूर्वी दिल्लीत, मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीत मानसने आणि मी काढला. नियम मी लिहिले — सरकारी परिपत्रकाच्या थाटात! मंत्रालयात अनुवादक व्हायच्या आधीच रोगाची लक्षणं दिसत होती.
देवयानीला म्हटलं, 'बिल्कुल नको.'

६ डिसेंबर
मानसचा फोन. 'खेळ होणार. तिने तुला फोन केला हे मला कळलंय. सुधन्वा, घरात सगळे माझ्याशी काचेचं भांडं असल्यासारखे बोलतात. तू तरी नको.'
मग मीच सुचवलं — कोकम सरबत. देवयानीच्या माहेरून मालवणहून येतंच. सगळ्यांनी तेच प्यायचं. मुलं, मोठे, सगळे.
देवयानी फोन हिसकावून म्हणाली, 'भाऊजी, देवासारखे धावलात.' देव!

१२ डिसेंबर
हवा इतकी घाण की समोरचा टॉवर दिसत नाही. नोएडात हा फायदाच. बायकोचा, हेमलताचा, नागपूरहून फोन. बदली होऊन तिला दीड वर्ष झालं. 'जेवलास?' विचारते, मग गप्प राहते. पुढचा प्रश्न मला ऐकू येतो. 'जेवलो,' एवढंच म्हणतो.

१४ डिसेंबर
रविवारचं सदर पाठवलं. विषय — दिल्लीतल्या मराठी माणसाचं ढोंग. संपादक खूश.

१९ डिसेंबर
कोकमच का? इथे लिहायला हरकत नाही, हे पान कुणाला सांगणार नाही. लिंबू सरबतात रम दिसते. कोकमात दिसत नाही.
तीन तास कोरडं बसणं मला जमणार नाही. ऑफिसात जमत नाही, तिथे कुठे जमणार! खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन ठेवली आहे. डिसेंबरात दिल्लीत कोण खोकत नाही?
मानसच्या पेल्याला धक्का नाही. माझा पेला, माझा घसा.

२१ डिसेंबर
नियमांची नवी प्रत. दोन पोटात गेल्यावर हात चालायला लागला. नवं कलम नऊ: मराठी बोलताना 'यार' किंवा 'अच्छा' निघालं की एक घोट. मानसची मुलगी कादंबरी पंधरा वर्षांची आहे, दिल्लीत वाढलेली. पोरगी बुडणार!
कलम सात जसंच्या तसं ठेवलं. 'चर्चची घंटा वाजताच उपस्थितांनी आपापले पेले विनाविलंब उजवीकडे हस्तांतरित करावेत.' मुनिरक्यात माणसं चार आणि पेले तीन होते, म्हणून केलेलं कलम. काय वाक्य आहे! कापवेना.

२४ डिसेंबर
लिहायलाच हवं.
तीन वाजता दिल्लीतल्या द्वारकेला, मानसच्या घरी पोचलो. करंज्या, चकल्या, दारात कागदी तारा. संध्याकाळी साडेसहाला चर्च, त्याआधी सिनेमा. कॅलेंडरवर ११६. मानस हडकलाय, पण डोळे स्वच्छ. मला मिठी मारली. मी खोकलो. स्वयंपाकघरात 'औषध घेतो' म्हणून गेलो, पेला भरून आलो.
सोफ्यावर मी, माझ्या उजवीकडे मानस, पलीकडे देवयानी. कादंबरी खाली बसून नियम वाचत होती. 'काका, हस्तांतरित म्हणजे काय, यार?' — 'एक घोट!' मानस ओरडला. किती दिवसांनी तो असा हसला.
मग सिनेमातल्या चर्चची घंटा वाजली.
'कलम सात!' कादंबरी ओरडली. 'पेले उजवीकडे!'
एक क्षण होता. पेला सांडता आला असता. 'नको' म्हणता आलं असतं. पण मग देवयानीला कारण सांगावं लागलं असतं. मी पेला मानसच्या हातात दिला.
त्याने घोट घेतला. थांबला. माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघितलं. पोस्टमास्तर टोपी आपटत होता, सगळे पीत होते.
पुढची घंटा लवकर आली नाही, पेला त्याच्याकडेच राहिला. सिनेमा संपला तेव्हा रिकामा होता. सोफ्यामागे तुळशीची कुंडी आहे. तिच्यात ओतला असणार. शहाणा माणूस. ओतलाच असणार.
चर्चला गेलो नाही. खोकला आहे म्हणून सांगितलं.

२५ डिसेंबर
नाताळच्या शुभेच्छा द्यायला चार वेळा फोन केला. उचलत नाहीत.

२६ डिसेंबर
सकाळी नऊला दार वाजलं. मानस. दाढी वाढलेली, गळ्याला मफलर गुंडाळलेला.
'पहिला घोट तू दिलास,' म्हणाला. 'बाकीचा पेला मी प्यायलो. कालची बाटलीही माझीच.'
मी म्हटलं, 'कुंडी —'
'कुंडीत नाही ओतला रे.'
खाली रिक्षा उभी होती. देवयानी आत, माझ्या गॅलरीकडे न बघता. दहाला त्याची दारू सोडणाऱ्यांची मीटिंग, त्यानंतर डॉक्टर.
'माझा आज परत पहिला दिवस,' मानस म्हणाला. 'तुझाही. बूट घाल.'
घातले.