मुद्दाम चुकलेली गोष्ट

४ नोव्हेंबर

टपालाने आलं — कथालेखनवर्गाचा पहिला धडा, सोबत रेघांचे कागद. वर्षाची फी साठ, टपालखर्च चार. दुकानातून निळी शाई, साडेतीन. फीचे पैसे दुधाच्या खर्चातून थोडे थोडे बाजूला काढले होते. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मॅट्रिकनंतर पुन्हा शाळा?" आणि हसले. हरकत नाही असं धरते.

पहिला अभ्यास — कधीही न पाहिलेल्या माणसाबद्दल एक पान लिहा.

६ नोव्हेंबर

एक अडचण आहे. न घडलेलं घडलं म्हणून लिहायचं म्हणजे खोटंच की! सकाळी प्रार्थनेला बसले तेव्हा देवाला विचारून घेतलं. उत्तर आलं नाही, पण मनाला टोचलंही नाही. पानाच्या डोक्यावर ‘गोष्ट’ असं ठळक लिहायचं ठरवलं. म्हणजे कुणाची फसवणूक नको.

न पाहिलेलं माणूस तसं एकच. माझी नणंद. माझ्या लग्नाआधीच ती एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्याबरोबर निघून गेली, त्याच्याशी लग्न केलं. या घरात तिचं नाव निघायचं नाही, असं सासरे म्हणाले होते. सासऱ्यांना जाऊन तीन वर्षं झाली, त्यांचा शब्द मात्र अजून घरात राहतो आहे.

मी तिला नुसतं ‘मुलगी’ म्हटलं. घड्याळवाल्याचा शिंपी केला. कुणाला कळायचं नाही.

१७ नोव्हेंबर

धडा तपासून आला. मास्तरांनी लाल शाईत लिहिलंय — आपली माणसं फार काटकसरी आहेत. कामापुरतं बोलतात, कामापुरतं चालतात. त्यांना थोडी उधळपट्टी करू द्या.

वाचून कानकोंडी झाले. मी भाजीचे देठही टाकत नाही, हे ह्या गृहस्थांना इतक्या लांबून कसं कळलं!

१८ नोव्हेंबर

उधळपट्टीचा सराव. सकाळी दूधवाला दारात उभा राहून जे जे बोलला ते जसंच्या तसं उतरवून काढलं. त्याची गुडघेदुखी, मेव्हण्याची नवी सायकल, पुन्हा गुडघेदुखी. अर्ध्याहून जास्त बिनकामाचं. पण माणूस दिसतो तो त्या बिनकामाच्यातच. हिशेबात असं कधी होत नाही. तिथे नको ते खोडलं की सगळं स्वच्छ दिसायला लागतं.

१९ नोव्हेंबर

सासूबाईंची नजर अधू, त्यातून डॉक्टरांनी जिना बंद केलाय. दुपारभर खाटेवर पडून कंटाळतात. म्हणाल्या, एवढं खरडतेस काय, वाच तरी. वाचलं. पहाटेची वेळ, मुलगी घर सोडते आहे, डोळ्यांत पाणी, कडीवर ठेवलेला हात थरथरतो —

"रडत कशाला जाईल?" सासूबाई म्हणाल्या. "उभ्यानं का होईना, दोन घास खाऊन गेली असेल. उपाशीपोटी कुठे निघायची नाही ती."

मी पान पालथं घातलं. शिंपी करून काही उपयोग झाला नव्हता!

‘ती’ म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

२० नोव्हेंबर

विचारलं तर गप्प होतील. चुकीचं वाचलं की बोलतात.

२३ नोव्हेंबर

आज मुलीला मुद्दाम गोड गळा दिला. अंगणात बसून गाते, येणारे-जाणारे थबकतात, वगैरे. सासूबाई उशीवरून उठून बसल्या. गोड गळा कसला डोंबलाचा, म्हणाल्या, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची, गल्लीतली कुत्री धावत यायची. सांगता सांगता हसू लागल्या, हसता हसता ठसका. पाणी दिलं, पाठ चोळली. डोळे पुसत होत्या — ठसक्याचं पाणी असेल.

हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. जेवताना मान वर न करता म्हणाले, ते शिट्टीचं काढून टाक. बरं म्हटलं. हात धुऊन आले, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि म्हणाले, "राहू दे."

२४ नोव्हेंबर

आजारी माणसासमोर मुद्दाम चुकायचं आणि त्याच्या तोंडून खरं काढून घ्यायचं — हे पाप तर नव्हे? देवाला सगळं सांगून टाकलं. प्रार्थनेत घरातल्या सगळ्यांसाठी मागणं मागते, त्यात आज मुलीसाठीही मागितलं. गोष्टीतल्या की खऱ्या, मलाच सांगता येईना. देव बघून घेईल.

२ डिसेंबर

डॉक्टर येऊन गेले. जाताना ह्यांना दारात म्हणाले, हृदय थकलंय, औषधाने ओढता येईल तेवढं ओढू. कुणाला भेटायचं असेल तर आताच बोलावून घ्या.

डॉक्टरांना खालपर्यंत सोडायला म्हणून हे चपला शोधत राहिले. चपला पायातच होत्या.

५ डिसेंबर

मोठी चूक आज केली. खूप दिवस मनात होती, धीर होत नव्हता. लिहिलं — मुलगी गेली तेव्हा आई गाढ झोपेत होती, तिला काहीच कळलं नाही. वाचलं आणि थांबले.

सासूबाई बराच वेळ चादरीची कड चाचपत राहिल्या.

"जागी होती," मग म्हणाल्या. "कडी वाजली तशी कूस बदलली तिने. भिंतीकडे तोंड केलं. उठले असते तर थांबली असती पोर. मग बापाने दुसरीकडे कुठेतरी उजवली असती. ती शिट्टी कायमची बंद झाली असती. म्हणून नाही उठले."

बोलता बोलता आईची ‘मी’ झाली. त्यांच्या लक्षात आलं नसेल. किंवा आलं असेल.

हे मला जन्मात सुचलं नसतं. माझ्या गोष्टीतली आई एक तर झोपून गेली असती, नाहीतर रडत दारात आडवी आली असती. मायेपोटी जागं राहून पडून राहायचं — मी तिला तेवढी मोठी केलीच नव्हती. सासूबाईंनी सांगितलं तसंच लिहिलं, एक शब्द वाचवला नाही.

दिवेलागणीला पाय चेपत होते तेव्हा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तिला अजून वाटत असेल, आई झोपली होती."

१६ डिसेंबर

मास्तरांचा शेरा आला — कूस बदलणाऱ्या आईपाशी मी पेन खाली ठेवलं. शेवट मात्र घाईचा झाला. मुलगी अचानक दारात उभी, सगळे रडतात, सगळे हसतात. तिला बोलावलं कोणी?

सासूबाईंना वाचून दाखवलं. माणूस शहाणा दिसतो, म्हणाल्या. मग त्यांनीच शेवट मोडून काढला. मुलगी आपणहून यायची नाही, का म्हणून येईल? आईने लिहायला हवं.

मी म्हटलं, पण आई, गोष्टीतल्या आईला अक्षर दिसत नाही.

"सुनेला दिसतं ना? मॅट्रिक आहे म्हणे!"

कागद घेतला. त्या सांगत गेल्या, अगदी सावकाश —

"त्या पहाटे मी जागी होते. तू पायरीवर क्षणभर थांबलीस तेही ऐकलं. उठले नाही, कारण तू जावंस असंच मला वाटत होतं. तुझ्यावर राग नव्हता. आताही नाही. एवढं सांगायचं राहिलं होतं."

झाली गोष्ट, म्हणाल्या, आणि डोळे मिटून पडल्या.

झाली कुठे! हे मास्तरांकडे जाणार. ते छान म्हणतील, लाल शाईत. जिला कळायला हवं तिचा पत्ता सासूबाईंना ठाऊक नाही, मला नाही. ह्यांच्यापाशी विषय काढायचा तर सासरे अजून मध्ये उभे.

१८ डिसेंबर

धडा पाठवायला काढला तर शेवटचा कागद नाही. बाहेरच्या खोलीत ह्यांच्यापुढे टेबलावर होता. "हा मास्तरांना नको," म्हणाले. पाकीट मागितलं, दिलं. त्यावर तिचा पत्ता लिहिला — घर, गल्ली, गाव, सगळं — कुठेही न बघता, एका दमात. मग आईच्या मजकुराखाली आपल्या अक्षरात दोन ओळी घातल्या. वाळेपर्यंत कागद माझ्याकडे दिला, म्हणून वाचल्या —

आईपाशी वेळ थोडा आहे. स्टेशनावर मी स्वतः येतो, दोघंही या. कोणत्या गाडीने निघता ते उलट टपाली कळव.