व्याही, मी आणि कापडी जिराफ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. प्रत्यक्षात कमरेखाली काही वाकत नाही, त्यामुळे तू तिकडे बसल्या जागी आशीर्वाद द्यावास आणि मी इकडे उभ्या उभ्या घ्यावा.) तब्येत कशी आहे? रक्तदाब किती? गोळी रोज घेतेस की आठवेल तेव्हा? उत्तर लिहिताना गोळीचं नाव लिही, "ती पांढरी" असं लिहू नकोस. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवून मी एवढंच शिकलो की जगातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या असतात आणि उरलेल्या निम्म्या लोकांनी परस्पर सोडून दिलेल्या असतात. तुझ्यासारखी बहीण सात जन्म शोधून सापडायची नाही. हे आपलं सहज लिहितो आहे, त्यामागे काही हेतू आहे असं समजू नकोस.

इकडे आमचं उत्तम चाललं आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर गेला आठवडाभर माझा जीव टांगणीला लागला होता. तुला ठाऊकच आहे, चिऊला सातवा महिना लागला म्हणून आम्ही दोघं तिच्याकडे राहायला आलो. त्याच सुमारास जावयाचे आईवडीलही आले. घर दोन खोल्यांचं, बाथरूम एक, जेवायच्या टेबलाला चार खुर्च्या आणि एक स्टूल. (स्टुलावर मी. जावई उभ्यानं जेवतो.) व्याही म्हणजे निवृत्त वजनमापे निरीक्षक. नोकरीत असताना दुकानांतले तराजू तपासले, आता माणसं तपासतात. आणि लग्नाला दोन वर्षं होत आली तरी माझ्याशी ते बोलत नाहीत, कारण तो फोटो. आमच्या दिवाणखान्यात लग्नाचा मोठा ग्रुप फोटो लावलाय, तो तुझ्या लक्षात असेल. फ्रेम फोटोपेक्षा लहान निघाली आणि फोटो कडेनं जरा कापला गेला. (कसा, कुणाकडून, हे आता उकरून काढण्यात अर्थ नाही.) दुर्दैवानं त्या कडेला व्याही उभे होते. आता भिंतीवर त्यांचा एक कान आणि अर्धा खांदा आहे. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा ते हात मागे बांधून त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले, "फ्रेम चांगली आहे" एवढंच म्हणाले, आणि त्यानंतर माझ्याशी सरळ असं एक वाक्य नाही. मी शेजारी बसलेला असलो तरी विहीणबाईंना सांगतात की यांना मीठ सरकवायला सांग. विहीणबाई ते हिला सांगतात, ही मला सांगते, आणि मीठ पोहोचेपर्यंत जेवण संपतं. बायकांचं मात्र चांगलं मेतकूट जमलंय.

चौथ्या दिवशी चिऊनं मला स्वयंपाकघरात गाठलं. पाय सुजलेले, हात कमरेवर. म्हणाली, बाबा, मला बाळंतपणात माणसं हवी आहेत, पण अशी माणसं नकोत. तुम्ही दोघं असेच पुतळ्यांसारखे बसणार असाल तर मी नर्स ठेवीन आणि कुणालाच बोलावणार नाही, नातवंडाला नंतर सवडीनं येऊन बघा. ती नुसती रागावली असती तर चाललं असतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं की मी तिच्या लहानपणापासून कशालाही हो म्हणत आलो आहे. मग तिनं उपायही सांगितला. इथल्या त्या जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालयात चौघांनी जायचं, तेही खासगी गाइड घेऊन, म्हणजे गर्दी नाही, धक्काबुक्की नाही, आणि बोलायला काहीतरी विषय. गाइड कोणता घ्यायचा ते मी ठरवायचं. तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच सुधारा, म्हणाली.

ताई, तिच्यासाठी स्थळं पाहताना मला एवढी धास्ती वाटली नव्हती. तिनं फोनवर गाइडांची भलीमोठी यादी उघडून दिली. पहिले एक प्राध्यापक. त्यांना फोन केला तर त्यांनी माझीच परीक्षा घेतली, कोणता काळ आपल्याला विशेष आवडतो असं विचारलं. मी घाबरून "जेवणानंतरचा" म्हणालो. (दुकानातली सवय.) तिकडून फोन ठेवल्याचा आवाज. दुसरा होता धावता दौरा, तासाभरात सगळी नावाजलेली चित्रं. व्याह्यांचा गुडघा धावत नाही, आणि धावायला लावला असता तर तोही गुन्हा माझ्याच खाती जमा. तिसरा दौरा मानवी देहाच्या सौंदर्याचा. त्याच्या जाहिरातीतलं पहिलंच चित्र पाहून मी फोन उशीखाली सारला. आणि ग्यानबाची मेख इथंच होती. जुन्या चित्रकारांना कपड्यांचं एवढं वावडं का होतं कोण जाणे. असलं चित्र विहीणबाईंच्या शेजारी उभं राहून पाहायचं म्हणजे बघितलं तरी पंचाईत आणि नाही बघितलं तरी पंचाईत. गाइड समजावून सांगत असताना मान डोलवायची की नाही? किती वेळा? इकडे आड, तिकडे विहीणबाई. माझी भूक गेली. ही म्हणाली, चित्रंच आहेत, चावणार नाहीत. तिला काय होतंय म्हणायला.

शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि गाइड पुरवणाऱ्या कचेरीला फोन करून तिथल्या बाईंना सगळं मोकळेपणानं सांगितलं. आम्ही चौघं आहोत. त्यातल्या दोघांचं भांडण झालंय, एकमेकांशी बोलत नाहीत. लवकर कंटाळतात, भूक लागली की चिडतात. फार चालवत नाही, मधे मधे बसायला लागतं, आणि बाथरूम जवळ असलेलं बरं. अवघड शब्द नकोत. आणि शक्यतो कपडे घातलेली माणसं दाखवा. त्या बाई फार मायेनं बोलल्या. म्हणाल्या, अजिबात काळजी करू नका, आमच्याकडे रोज अशीच येतात. भांडणारी असली तर आम्ही मुद्दाम एका जोडीत टाकतो, परत जाताना गळ्यात गळे घालून जातात. मी त्यांना शंभर वर्षं आयुष्य मागितलं. त्यांनी नोंदणी झाल्याचा निरोप पाठवला. त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत काहीतरी होतं. ते मी वाचलं नाही. ज्या माणसानं जन्मभर गिऱ्हाइकांना दम देऊन बाटलीवरचं लेबल वाचायला लावलं, त्यानं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

ठरल्या दिवशी दाराशी पोहोचलो. गाइड म्हणजे एक तरुण मुलगी, हातात काठी आणि काठीच्या टोकाला कापडी जिराफ, गर्दीत कुणी चुकू नये म्हणून. आम्हाला पाहिल्यावर ती आमच्या मागे पाहू लागली. मग विचारलं, मुलं कुठे आहेत? ही म्हणाली, मुलगी घरी आहे, तिला सातवा महिना आहे, आणि जावई कामावर गेलेत. त्या मुलीनं हातातला कागद पाहिला, आम्हाला पाहिलं, परत कागद पाहिला. तेव्हा मी तो निरोप पहिल्यांदा तळापर्यंत वाचला. खजिनाशोध. वयोगट सहा ते दहा. सोबत रंगीत पेन्सिली आणि विजेत्यांना बिल्ला. व्याह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा घरी राहिला होता म्हणून लांब धरला, आणखी लांब धरला, आणि परत दिला. त्यांना वाचता आलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. आता माघारी फिरू असं मी म्हणणार होतो. पण विहीणबाईंनी तोवर पेन्सिल निवडलीसुद्धा होती. (जांभळी.)

खेळ जोडीनं खेळायचा, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं शोधायचं. बायकांनी लगेच एकमेकींचे हात धरले. उरलो आम्ही. चष्मा नाही म्हणून व्याही शोधणार आणि वाचणार मी, म्हणजे बोलणं आलंच. पहिल्याच दालनात मी वाचलं, "रागावलेला माणूस शोधा," आणि कागदातून मान वर काढायची माझी छाती होईना. व्याह्यांनी एका म्हाताऱ्या सरदाराकडे नुसतं बोट केलं. दुसऱ्या दालनात तराजू शोधायचा होता. तो त्यांना दारातूनच दिसला, कुणी व्यापारी सोनं तोलत होता. व्याही चित्राच्या इतके जवळ गेले की पहारेकऱ्याला खाकरावं लागलं, आणि मग दोन वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून बोलले, "काटा मारतोय. करंगळी बघा." मी बघितली. खरंच पारड्यावर टेकलेली होती. मी म्हटलं, मागच्या फळीवरच्या बाटल्याही बघा, एकीवर लेबल नाही. त्यावर ते "हं" म्हणाले. मला तेवढ्यानं घाम फुटला. (वाटेत एक पुतळा मात्र लागलाच, अगदी जन्मला तसा. आम्ही चौघांनी त्या वेळी छताचं कौतुक केलं.)

तिसऱ्या दालनापर्यंत बायका पुढे गेल्या आणि आमच्याकडे बघून हसू लागल्या. तिथून प्रकरण हातघाईवर आलं. ज्या माणसानं नोकरीभर कुणाला काटा मारू दिला नाही तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुम्ही जरा खोका. मोठ्यानं." मी खोकलो. सगळं दालन माझ्याकडे बघू लागलं, ही पर्समध्ये पाण्याची बाटली शोधू लागली, आणि तेवढ्यात व्याह्यांनी विहीणबाईंच्या कागदावर नजर फिरवून घेतली. (चष्म्याशिवाय. म्हणजे दाराशीही त्यांना वाचता आलं असणार. हे माझ्या उशिरा लक्षात आलं आणि मी नव्यानं घाबरलो.)

शेवटचा प्रश्न एका मेजवानीच्या चित्राचा होता. चित्र भिंतभर, आणि त्यात एकूण कुत्री किती ते सांगायचं. मी अकरा मोजली. व्याही बारा म्हणाले. बारावं कुठे म्हणून विचारलं तर त्यांनी अगदी टोकाला दाखवलं. तिथे सोनेरी चौकटीला लागून एक कान होता आणि अर्धा खांदा. ताई, मला देवानं तोंड दिलं तिथंच चुकलं. मी म्हणून गेलो, "ते सोडा हो, ते कडेला गेलंय, ते कोण मोजतंय."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. व्याही माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. चित्राकडे बघतच हळू म्हणाले, "कान दिसतोय ना? मग तो तिथे उभा होता." आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर मीही काहीतरी फेकलं असतं. दोन वर्षं मी समजत होतो की माणूस ताठ आहे, मानपान धरून बसलाय. तसं काही नव्हतं. आपल्या एकुलत्या एका मुलाच्या लग्नात आपणही होतो, हे कुणीतरी मोजावं एवढंच त्यांना हवं होतं. मला वाईट वाटलं, ताई. फार वाईट वाटलं. मी कागदावर बारा लिहिले.

बाराच बरोबर निघाले. बायकांचे अकरा. जिराफवाल्या मुलीनं व्याह्यांच्या शर्टावर "शूर शोधक" असा बिल्ला लावला. बाहेरच्या बाकावर बसल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, मी एकच उत्तर दिलं, आणि प्रकरण मिटलं. घरी परतलो ते जिन्यातच भांडत, तो व्यापारी मुळात चोर की दुकानावर माल कमी येतो म्हणून झालेला, यावर. आवाज ऐकून चिऊ भिंतीला धरून बाहेर आली, तिला वाटलं आता मारामारीच झाली. मग तिनं बिल्ला वाचला आणि अशी हसायला लागली की आम्ही दोघांनी धरून तिला खुर्चीत बसवलं. म्हणाली, दोघंही या. पण एका खोलीत झोपावं लागेल. त्यावर व्याह्यांनी मला विचारलं, तुम्ही घोरता का? थेट मला, ताई. मीठही आता थेट मागतात.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गोळी चुकवू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. त्या फोटोची न कापलेली प्रत तुझ्याकडे आहे ना? ती पाठवून दे. दोन्ही बाजूंनी पुठ्ठा घाल.

आणखी ता. क. बाकावरचा प्रश्न असा होता की फोटो कुणी कापला. मी खरं सांगणारच होतो. पण त्यांच्या छातीवर नुकताच बिल्ला लागला होता, चेहरा कधी नव्हे तो निवळला होता, चिऊ डोळ्यांसमोर आली, आणि माझ्या तोंडून "ताईनं" असं निघून गेलं. तू लांब राहतेस, तुझं त्यात काय जातंय? तेव्हा एवढं कर, व्याह्यांना चार ओळी माफीच्या लिही. मसुदा देतो, नुसता उतरवून काढ: "फ्रेम लहान पडली, कात्री हाताशी होती, माझी नजर कमी, आपण कडेला उभे आहात हे दिसलं नाही, क्षमा असावी." तब्येतीला जप. तुझ्यासारखी बहीण खरंच मिळायची नाही.

शेवटचा ता. क. व्याही पोस्टाकडेच निघालेत, पत्र त्यांच्या हाती देतो आहे. आता आमच्यात एवढा विश्वास आहे. डिंक मात्र घरात कुठे सापडला नाही.

ताईंना नमस्कार. या ओळी यांच्या व्याह्याच्या. पाकीट हातात घेतलं तर नमस्काराच्या मानानं जड लागलं, शिवाय उघडं होतं. तपासणी ही जुनी सवय. फोटो तुम्ही कापलेला नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. गोळ्यांची पट्टी कापावी तशी चावे घेत कापलेली कड मी भिंतीवरच पाहिली होती. कधीतरी चुकलो म्हणतील म्हणून वाट पाहत होतो. बाकावर म्हणतील असं फार वाटलं होतं. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. वाईट वाटलं असं तुम्हाला तरी लिहिलंय, ते मी दोनदा वाचलं. तुम्ही माफीपत्र मसुद्याबरहुकूम जरूर पाठवा. ते मी यांच्यासमोर मोठ्यानं वाचणार आहे, प्रत्येक वाक्याला थांबून. यांना आधी कळवू नका. फोटो पाठवाल तेव्हा त्याचं माप लिहा, या वेळी फ्रेम मी करून घेतो. कडेला जरा जास्त जागा ठेवणार आहे. घरात माणूस वाढतंय.